गोदूबाई आणि विश्रामची पेन्सिल

कल्याणच्या गाणाऱ्या गोदूबाई मला कधीच आवडल्या नाहीत. गळा उतरणीला लागला होता, पण तोरा जसाच्या तसा, आणि तो सगळा निघायचा सारंगिया गुणाजीवर. कमरेला सारंगी बांधून तो त्यांच्या मागे उभा राही. भर बैठकीत त्या वळून म्हणत, "मेल्या, झोपलास का? माझ्या मागोमाग ये की!" तो मुकाट्याने मान खाली घाली. मला त्याचाही संताप यायचा.

त्या वर्षी ठाण्याला श्रीपादराव वकिलांकडे मुंजीनिमित्त बाईंचं गाणं झालं. मोजणी कचेरीत नकाशे काढणारा विश्राम माझ्या शेजारी होता. गाणं रंगात आलं तशी त्याने पेन्सिल काढली आणि चीज संपायच्या आत बाई, तबलजी आणि गुणाजी कागदावर उभे केले. काय हात होता त्याचा! तबलजीची बोटं म्हणजे नुसत्या रेघोट्या, पण हलताना दिसत होती. गुणाजीच्या सारंगीचा गज टोकापर्यंत ओढलेला, मानेच्या शिरा ताणलेल्या. कागद हातोहात फिरला. जो तो म्हणे, "हुबेहूब!"

श्रीपादरावांनी कौतुकाने विचारलं, "हे नेमकं कधीचं रे?"

"बाईंनी वरचा सूर लावला आणि तुम्ही सगळे वाहवा म्हणालात, तेव्हाचं."

"मग बाईंचं तोंड मिटलेलं कसं?"

"मिटलेलंच होतं," विश्राम सहज म्हणाला. "मी दिसेल ते काढतो."

सगळ्यांच्या नजरा गुणाजीकडे वळल्या. सारंगी गळ्यासारखीच गाते. आम्ही डोळे मिटून तिलाच दाद दिली होती.

गुणाजी घाईघाईने म्हणाला, "नाय ओ साहेब, सूर बाईंचाच. मी आपला मागून..."

"गप्प बस!" गोदूबाईंनी कागद हिसकावून फाडला. "माझा गळा चोरलास तू! चालता हो. पुन्हा तोंड दाखवू नकोस."

मला हळहळ वाटली ती त्या चित्राची. बाईंची मुळीच नाही.

पुढे कल्याणच्या उत्सवात त्या नवा सारंगिया घेऊन उभ्या राहिल्या. हा शिस्तीचा माणूस, गाणाऱ्याच्या पुढे एक पाऊल न टाकणारा. वरच्या सुराची जागा आली तसा त्याने गज थांबवला आणि अदबीने बाईंकडे पाहिलं.

बाईंचं तोंड उघडं होतं. आवाज आलाच नाही.