स्वरूपचे अडीच इंच

माझा धाकटा भाऊ स्वरूप आज पाच फूट साडेचार इंच उंच आहे. त्यातले पाच फूट दोन इंच आईवडिलांनी दिलेले. वरचे अडीच इंच मी, रत्नागिरीत नाचणे रोडवरच्या माझ्या ब्लॉकमध्ये बसून, दहा नंबरच्या पान्याने काढलेले आहेत. तेव्हा त्याच्याबद्दल चार शब्द लिहायचा पहिला हक्क माझा. तो म्हणतो, "ताय, लिही, पण उंचीचं लिहू नको." मग काय, नाकाचं लिहू?

स्वरूप जहाजावर कुक आहे. वर्षाचे नऊ महिने समुद्रावर, तीन महिने घरी. व्यसन नाही, कुणाशी तंटा नाही. शाळेत प्रार्थनेच्या रांगेत कायम पहिला, कारण रांग उंचीप्रमाणे लागायची, आणि त्याचं त्याला कधी काही वाटलं नाही. लग्नाच्या वेळी दोन मुलींनी उंचीवरून नाही म्हटलं, तर "त्यांना उंच हवा, त्यात त्यांची काय चूक," म्हणून हा जेवायला बसला. दोन वाट्या आमटी जास्तच प्यायला. त्याला लागलं ते शिमग्यात.

आमचं गाव लांज्यापासून आत, डोंगराच्या कुशीत. शिमग्यात नवलाई देवीची पालखी घरोघर फिरते आणि प्रत्येक अंगणात नाचते. लांब दांडा, पुढे एक माणूस, मागे एक. ढोल सुरू झाला की दोघं ती खांद्यावर घेऊन नाचतात आणि सारं गाव भोवती गोळा होतं. यात एकच अट आहे, आणि ती कुठेही लिहिलेली नाही. दोघांचे खांदे एका पातळीत हवेत. नाहीतर पालखी कलते, आणि आत देवी बसलेली असते.

सहा वर्षांपूर्वी स्वरूपने हौसेने ओमकारच्या जोडीला दांडा घेतला. ओमकार पोफळीला वीज कंपनीत आहे आणि आमच्या ठेंगण्या दारातून आत येताना मान वाकवतो. व्हायचं तेच झालं. पालखी स्वरूपच्या बाजूला कलली, आतला नारळ घरंगळत बाहेर आला आणि ताशेवाल्याच्या पायाशी जाऊन थांबला. गावकर, म्हणजे गावचे मानकरी, हरिश्चंद्रकाका पुढे आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "स्वरूप, तू बाजूला हो. तू आनि रघू मिळून घ्या कवातरी. मोठ्यांच्यात नको."

रघू म्हणजे स्वरूपचा बालमित्र. सुतारकाम करतो. दोघांची उंची डिट्टो एक. त्या वर्षापासून दोघांना पालखी मिळायची ती दुपारी, उंच मंडळी जेवायला बसली की, शेवटच्या दोन घरांपुरती. बघायला दोन म्हाताऱ्या आणि एक कुत्रं. रघूला त्यातही आनंद होता. तो म्हणायचा, आपली जोडी गावात सर्वांत सरळ, देवीला झोप लागंल. स्वरूप हसायचा, पण ते हसणं मला ठाऊक आहे.

पुढच्या एका सुट्टीत तो घरी आला तो हातात फाईल घेऊन. मुंबईतल्या एका डॉक्टरला दोनदा भेटून आला होता. दोन्ही नडग्यांची हाडं कापायची, बाहेरून लोखंडी कड्या आणि सळ्या लावायच्या, आणि कापलेली टोकं रोज एक मिलिमीटर दूर सारत जायची. मधल्या फटीत शरीर आपणहून नवं हाड भरतं. डॉक्टरांनी त्याला भीतीही भरपूर घातली होती. जखम चिघळू शकते, हाड कच्चं राहू शकतं, चाल बिघडू शकते. दोन्ही वेळा "घरी जा आणि विचार करा" म्हणून परत पाठवलं होतं.

मी म्हटलं, "लग्नासाठी का?"

"नाय गो. दांड्यासाठी."

धडधाकट पाय मोडून घ्यायचे, आणि ते पालखीसाठी! चार दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. पाचव्या दिवशी बोलले ते भांडायलाच. पण स्वरूपशी भांडण म्हणजे भिंतीशी भांडण. तो शांतपणे कांदा चिरत होता. शेवटी म्हणाला, "ताय, गावातल्या पोरानं एकदा तरी सहाणेवर सगळ्यांसमोर देवी नाचवायला नको?" सहाण म्हणजे देवळासमोरचा चौथरा, जिथे शिमग्याला सारं गाव जमतं. मी त्याच्या हातातला कांदा घेऊन स्वतः चिरायला बसले.

जूनमध्ये ऑपरेशन झालं आणि रावसाहेब दोन्ही पायांना लोखंडाचे पिंजरे घालून माझ्याकडे आले, कारण माझ्या बिल्डिंगला लिफ्ट आहे आणि माझा नवरा नोकरीनिमित्त मुंबईला असतो. आईही मुक्कामाला आली. खरं कारण गावात सांगायची आमची कुणाची छाती नव्हती. आईने ठोकून दिलं की पोरगा जहाजाच्या शिडीवरून पडला. हरिश्चंद्रकाका बघायला आले. दोन्ही पाय एकाच जागी, एकाच मापात मोडलेले पाहून त्यांनी बराच वेळ मान हलवली. म्हणाले, "पडला, पन शिस्तीत पडला हां!"

पान्याचं काम माझ्याकडे आलं. दिवसातून चार वेळा प्रत्येक सळीचा नट पाव मिलिमीटर फिरवायचा. सकाळी सातला, दुपारी एकला, संध्याकाळी सहाला, मग झोपायच्या आधी. मी पोस्टात नोकरीला. दुपारी जेवायच्या सुट्टीत स्कूटीवरून घरी यायचं, भावाला पिळायचं, दोन घास खायचे आणि परत खिडकीवर बसायचं. पहिले पंधरा दिवस गंमत वाटली. मग पोटऱ्या ताणायला लागल्या. हाड वाढतं, पण मांस आणि शिरा तयार नसतात. फिजिओथेरपीवाली मुलगी येऊन पाऊल वर दाबायची तेव्हा स्वरूप उशी दातात धरायचा. एके दिवशी त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि मी पाना जमिनीवर टाकला. मला तो तसा बघवेना. म्हटलं, "बास. थांबवू या."

"किती झाले?"

"तेवीस."

"मग एक्केचाळीसच तर राह्यले," म्हणाला, आणि वाकून पाना उचलता येईना म्हणून मलाच उचलायला सांगितला.

रघू दर रविवारी एसटीने यायचा. कधी कुर्ल्या, म्हणजे खाडीतले खेकडे, आणायचा, हाडाला चांगल्या म्हणून. पाय ठेवायला त्याने फणसाच्या लाकडाचा एक उतरता पाट करून आणला, पिंजऱ्याची मापं घेऊन, कडा घासून. त्या पाटावर पाय टेकून स्वरूपला पहिल्यांदा नीट बसता आलं. आणि या माणसाला आम्ही शिडीवरून पडल्याचं सांगत होतो! मला लाज वाटायची, पण स्वरूप म्हणायचा, सांगू सावकाश.

अशाच एका रविवारी रघू चहा पिता पिता म्हणाला, "आता काळजी सोडा. काल मी देवळात नारळ ठेवला. गाऱ्हानं घातलंय."

"काय म्हणून?" आईने विचारलं.

रघूने कप खाली ठेवला, हात जोडले आणि देवळात गाऱ्हाणं म्हणणाऱ्या रावजी गुरवांच्या आवाजात सगळं म्हणून दाखवलं. "आई नवलाई, तू गावची मालकीन. तुज्या लेकराचे पाय मोडलेत ते तू सांभाळ. ते होते तसे कर. इंचभर इकडं नाय की तिकडं नाय, होते तसेच्या तसे कर गो म्हाराजा! आनि पन्नास मानसं बोलली, व्हय म्हाराजा!"

स्वरूपने दोन्ही पिंजऱ्यांवर हात ठेवले. आमची देवी ऐकते, यावर आईचा पूर्ण विश्वास आहे, आणि आता नेमकी तीच पंचाईत झाली होती. मी हसू दाबायला स्वयंपाकघरात पळाले.

हसू दोनच दिवस टिकलं. मंगळवारचा एक्सरे मुंबईला पाठवला, तर डॉक्टरांचा फोन आला. फटीत हाड हवं तसं भरत नाहीये, आठवडाभर वेग निम्मा करा. आईने कपाळाला हात लावला. "बघ! लागला का नाय देवीचा हात? पन्नास मानसांनी व्हय म्हटलंय!" मी सांगितलं, असं होतं कधीकधी, डॉक्टर म्हणाले घाबरू नका. पण आईचं एकच, गाऱ्हाणं मागे घ्यायला हवं. आणि ज्याने घातलं त्यानेच मागे घ्यायचं असतं. म्हणजे रघूला खरं सांगणं आलं.

रविवारी स्वरूपने सांगितलं. मान खाली घालून, सगळं, पहिल्यापासून. रघू पाटाच्या कडेवरून बोट फिरवत ऐकत होता.

"किती वाढनार?"

"अडीच इंच."

"म्हंजे ओमकारच्या जोडीला जमंल तुला."

"थोडी टाच उचलावी लागंल, पन जमंल."

मग अगदी साधेपणाने रघूने विचारलं, "आनि मग मी कुनाबरोबर?"

त्या क्षणी मला भावाच्या दोन थोबाडीत द्याव्याशा वाटल्या, आणि मिठीही मारावीशी वाटली. रघू उठला, कप विसळून ठेवला आणि आईला म्हणाला, "चल आये. पाचच्या गाडीनं जाऊ. गुरव देवळातच असंल."

दुसरं गाऱ्हाणं रघूनेच सांगितलं आणि रावजींनी म्हटलं. आधीचं मागणं अजाणता झालं, ते मनावर घेऊ नकोस. पाय होते तसे नकोत, वाढतायत तसे वाढू देत. शेवटी रघूने स्वतःची एक ओळ घातली, "आनि ठरलंय तितं थांबव गो, नायतर पोराचा माड व्हायचा!" व्हय म्हाराजा म्हणायला या वेळी पन्नासांच्या जागी पाऊणशे माणसं असावीत, कारण रात्रीपर्यंत सगळ्या वाड्यांना आणि दुसऱ्या सकाळी मुंबईकरांच्या ग्रुपवर बातमी पोचली होती. स्वरूपचं नाव त्या दिवसापासून 'वाढीव' पडलं.

पुढच्या एक्सरेत हाड भरताना दिसलं. वेग कमी केल्याचा हा परिणाम, असं डॉक्टर म्हणाले. ते आईसमोर म्हणाले नाहीत, हे त्यांनी बरं केलं.

बाकीचं सांगायला सोपं, पण सोसायला लांबलचक. चौसष्टाव्या मिलिमीटरला पाना थांबला, पण हाड टणक होईपर्यंत पिंजरे तसेच राहिले. ते फेब्रुवारीत निघाले. तीस वर्षांचा माणूस वॉकर धरून हॉलमध्ये पावलं टाकायला शिकला. जुन्या पँटी आखूड झाल्या, म्हणून सहा महिने तो माझ्या नवऱ्याच्या लुंग्यांवर फिरला. पुन्हा जहाजावर जायच्या आधी मेडिकलला गेला, तर जुन्या कागदावरची उंची आणि भिंतीवरची उंची जुळेना. तिथल्या डॉक्टरने पट्टीच बदलून आणली.

त्या पहिल्या शिमग्याला तो गावी ओटीवर खुर्ची टाकून बसला होता. दुपारी मंडळी जेवायला बसली, पालखी शेवटच्या दोन घरांकडे निघाली, आणि रघूला जोडच नव्हती. खांद्यावर टॉवेलची घडी घालून तो आला, पालखी दुसऱ्याच कुणीतरी नेली, आणि तो आमच्या ओटीच्या पायरीवर येऊन बसला. घडी तशीच खांद्यावर. मी सरबत दिलं ते दोघं प्यायले.

यंदाचा शिमगा दुसरा. स्वरूप सुट्टी काढून आला होता आणि डॉक्टरांनी नाचायला परवानगी दिली होती. सहाणेवर हरिश्चंद्रकाकांनीच हाक मारली, "वाढीव, ये बघू! जमतंय का बघू दे गावाला!" पुढे ओमकार, मागे स्वरूप. दांडा खांद्यावर आला, स्वरूपने टाचा जराशा उचलल्या आणि पालखी सरळ राहिली. पुरी सरळ! ढोल कडाडला आणि माझा भाऊ सगळ्या गावासमोर देवी नाचवत होता. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं, त्यासाठी मी आणखी चौसष्ट मिलिमीटर पाना फिरवला असता. आई ओरडत होती, "पाय सांभाळ रे, पाय सांभाळ!" आणि रडत होती.

मग पालखी आमच्या अंगणात आली. सहाणेवर ज्याने देवी नाचवली, त्याने आपल्या अंगणात पुढचा दांडा धरायचा आणि मागे कोण ते त्यानेच सांगायचं, अशी आमच्याकडे रीत आहे. ओमकार आपला टॉवेल सारखा करत पुढे झाला. स्वरूप म्हणाला, "रघू, ये."

रघू मागे सरकला. "मी नको. कलंल ती."

"कलू दे. ये."

रघूने मागचा दांडा घेतला आणि पालखी त्याच्याकडे कललीच. गर्दीतून ओरडा झाला, "नारळ सांभाळा!" तशी रघूने टाचा उचलल्या आणि नेमक्या त्याच क्षणी पुढे स्वरूपने गुडघे वाकवले. पालखी गर्रकन उलट्या बाजूला, स्वरूपकडे कलली.

"टाचा टेक मेल्या!" स्वरूप पुढून ओरडला.

"तू आधी सरळ उभा ऱ्हा!"

"मी वाकलोय तसाच वाकनार! टाचा टेक!"

अंगण हसून लोटपोट झालं. रघूने टाचा टेकल्या. पालखी सावकाश सरळ झाली. ढोलवाल्याने वाट बघितली आणि मग हात सोडला. माझा भाऊ गुडघ्यांत वाकून, तस्साच वाकलेला, अख्ख्या अंगणभर नाचला. इतका हट्टाने मिळवलेला सगळा वाढीवपणा त्याने गुडघ्यांत दुमडून ठेवला होता. त्याला त्रास होत होता, ते मला दिसत होतं. मागे रघू डोळे मिटून नाचत होता, आणि त्याच्या खांद्यावरची घडी घामाने भिजली होती.

पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. पुढच्या घरचे लोक देवीच्या ओटीचं ताट घेऊन वाट बघत होते. हरिश्चंद्रकाका हात हलवत पुढे आले, "अरे बास! आता द्या दुसऱ्यांना!"

दोघांपैकी एकानेही ऐकलं नाही.