फटफटीवरचा मुराळी

झुलालनानांचं खरं वय फक्त आंघोळीनंतर कळायचं. एरवी मिशा, भुवया, कानांवरचे केस, सगळं बारा महिने पांढरंफेक. गडी पिठाच्या गिरणीचा मालक, आणि गिरणीत उभं राहून पांढरा न झालेला माणूस अजून जन्माला यायचा आहे. धुळ्याचं देवपूर ओलांडून पुढं गेलं की त्यांचं गाव. वीज आली तर आली, म्हणून गिरणी चालायची डिझेलच्या इंजिनावर. ते इंजिन नाना स्वतः खोलायचे, स्वतः जोडायचे, आणि उरलेले नटबोल्ट डब्यात टाकून म्हणायचे, कंपनी उगाच जास्तीचे देते.

नानांचा एक नियम होता. यंत्राला उघडं भोक दिसलं की बुजवायचं. गिरणीत हे बरोबरच. पीठ कुठंही शिरतं, आणि शिरलं की आत त्याची कणीक होते. चिंध्या, साबण, बाभळीच्या खुंट्या असा मालमसाला नानांच्या खिशात कायम. बायको पुष्पाबाईंनी एकदा उंदराचं बीळ दाखवलं, तर नानांनी तेही खुंटी मारून बंद केलं, आणि उंदीर दुसऱ्या बाजूनं निघून भाकरीच्या टोपल्यात बसला.

त्यांची फटफटी जुनी होती. लिलावात घेतलेली, दणकट आणि आवाजाची. लेक प्रमिला लहानपणी टाकीवर बसून नानांबरोबर धुळ्याच्या बाजाराला जायची. पोरगी फटफटीच्या आवाजावर वाढली म्हणा ना. लग्न झालं, पिंपळनेरला दिली, आणि निघताना सगळी रडत असताना ती बापाच्या कानाशी म्हणाली, "नाना, आखाजीले लेवाले या. फटफटीवर या."

खानदेशात सासुरवाशिणीचा खरा सण आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. दिवाळी होते, जाते. पण आखाजीला माहेरचा माणूस न्यायला आला पाहिजे, झोका बांधला पाहिजे, खापरावरची पुरणपोळी आणि आमरस झाला पाहिजे. न्यायला येतो तो मुराळी. भाऊ असला तर भाऊ. प्रमिलाला भाऊ नव्हता, म्हणून नानाच मुराळी. आणि ही तिची लग्नानंतरची पहिली आखाजी.

आता अडचण ऐका. फटफटी तेल गळायची. थेंब थेंब नव्हे, चांगली पिचकारी. संक्रांतीला नाना वाण घेऊन पिंपळनेरला गेले आणि विहीणबाईंच्या नुकत्याच सारवलेल्या अंगणात फटफटी उभी केली. विहीण भिकुबाई म्हणजे टापटिपीची बाई. तिच्या अंगणात वाळलेलं पान पडायलाही बिचकायचं. आत पाव्हणचार चालला होता. बाहेर इंजिनाखाली काळं तळं साचलं, त्यातनं कोंबड्या चालल्या, आणि अंगणभर, ओट्यावर, थेट उंबऱ्यापर्यंत काळी पावलं उमटवून आल्या. भिकुबाई ओरडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "व्याही, आते यष्टीमा येत जा. दोनदा आंगन सारवानं माले जमाव नही." नानांना वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं.

म्हणजे कोंडी अशी, की फटफटी नेली नाही तर लेकीला दिलेला शब्द जातो, आणि नेऊन पुन्हा गळली तर बाप घरी येईल, पण टोमणे वर्षभर प्रमिला ऐकेल.

पुष्पाबाई तर स्वच्छ म्हणाल्या, "पोरनं सासर शे ते, तुमनी गिरनी नही. यष्टीमा जा, न् यष्टीमा लई या."

नाना आधीच दोनदा धुळ्याला हाशम मिस्त्रीकडे जाऊन आले होते. पांझरेच्या पुलापलीकडे हाशमचं दुकान. हात सोन्याचा. दोन्ही वेळा त्यानं इंजिन उघडलं, सांध्यात नवं पॅकिंग बसवलं, स्वतः चक्कर मारून आणली. एक थेंब नाही. नाना खुशीत गावी परतले की आठवड्यात पुन्हा तळं. गावात लोक म्हणू लागले, हाशमचा हात गेला आता. हे हाशमच्या कानावर गेलं आणि त्याला जेवण गोड लागेना.

खरी गोम नानांना ठाऊक होती, पण ती गोम आहे हेच त्यांना ठाऊक नव्हतं. फटफटीच्या इंजिनाला एक बारीक नळी असते, आतली हवा बाहेर सोडणारी. नानांना ती दिसली उघडी. उघडं भोक, आणि फटफटी उभी गिरणीच्या दारात! त्यांनी बाभळीची छानशी खुंटी तासली आणि नळीत ठोकून बसवली. या कारागिरीवर ते इतके खूष होते, की हाशमकडे जाताना पुलाअलीकडे थांबायचे, खुंटी काढून खिशात टाकायचे, आणि येताना पुन्हा ठोकायचे. का? तर ही युक्ती मिस्त्रीला कळली, तर तो सगळ्या धुळ्याला दाखवील! असा हा आमचा माणूस.

आखाजी तोंडावर आली तसे नाना तिसऱ्यांदा निघाले. या खेपेला डोक्यात विहीणबाई, कोंबड्या आणि प्रमिलाचं तोंड. पूल कधी आला, कधी गेला, कळलंच नाही. थेट हाशमच्या दारात जाऊन थांबले.

हाशम खाली बसला, वाकला, आणि बराच वेळ उठलाच नाही. मग दोन बोटांत ती खुंटी धरून वर आला.

"नाना, हाई काय शे?"

नानांचा हात आपसूक खिशाकडे गेला. खिसा रिकामा. "खुंटी," ते म्हणाले.

"ते माले बी दिखस. आठेच राहस का कायम?"

"नही. तुन्हाकडे येवाना पहिले पुलवर काढी लेस."

हाशम मटकन तेलाच्या डब्यावर बसला. आधी त्याला राग आला असावा, कारण तोंड लाल झालं. मग खांदे हलायला लागले. मग तो असा हसला, की शेजारचा पंक्चरवाला टायर सोडून बघायला आला.

"नाना, इकडे या. तोंड मिटा. नाक धरा. आते जोरमा फुका."

नानांनी फुंकलं. गाल भोपळ्यासारखे फुगले, कान बधिर झाले, डोळ्यांत पाणी आलं.

"दम कोंडाना का? इंजिनले बी श्वास लेवा लागस. तुमी त्यानं नाकच बुजी टाकं. मंग आतली हवा तेलले ढकलस, न् ते वाट भेटी तठून बाहेर येस. मी पॅकिंग बदली बदली थकी गऊ!"

नानांनी गाल सोडले. शरम वाटली, वाटायलाच हवी होती. पण शरमेपेक्षा आनंद मोठा होता, कारण म्हातारी फटफटी आजारी नव्हतीच मुळी. ते हाशमच्या शेजारी बसले आणि दोघं पुन्हा पहिल्यापासून हसले. हाशमनं फाटलेलं पॅकिंग काढलं, दोन्ही बाजू घासून साफ केल्या, नवं बसवून बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळले. तेल खुणेपर्यंतच भरलं. नळीला लांब रबरी तुकडा जोडून तिचं तोंड मागं, खालच्या बाजूला वळवलं, म्हणजे पिठाचीही भीती नको. नानांनी गावी गेल्यावर चावडीसमोर फटफटी उभी केली आणि स्वतः होऊन सगळी हकीकत सांगितली. हाशमचा हात होता तिथंच होता. त्या दिवशी गिरणी उशिरा सुरू झाली, कारण गाव हसत होतं.

दोन दिवसांनी नाना पिंपळनेरला पोचले. आवाज ऐकून प्रमिला धावत ओट्यावर आली, पण तिच्या पुढं भिकुबाई होत्या, आणि त्यांच्या हातात राखेनं भरलेलं घमेलं.

"व्याही, हाई इंजिनना खाले सरकाडा. मंग घरमा या."

नानांनी मुकाट्यानं सरकवलं. आत चहा झाला, जेवण झालं. प्रमिला सारखी दाराकडे बघत होती. शेवटी भिकुबाईच उठल्या आणि बाहेर गेल्या. सगळे मागोमाग. त्यांनी घमेलं ओढलं. राख जशीच्या तशी, एक ठिपका नाही. प्रमिलानं टाळीच वाजवली, आणि मग सासूसमोर वाजवली म्हणून जीभ चावली.

भिकुबाई मात्र अंगणातच थांबल्या. घमेलं हातात, नजर रस्त्यावर. नानांना वाटलं, आता आणखी काय चुकलं?

"नशीबवान शे मन्ही सून," त्या हळूच म्हणाल्या. "आखाजी उनी का मी बी रस्ताकडे देखस. भाऊ गया तवपाईन कोनी येत नही माले. माय शे साक्रीले. पन बिनामुराळीनं कशी जाऊ?"

या बाईच्या करड्या आवाजामागं हे होतं, हे कुणाला ठाऊक? नानांनी फटफटीची मागची सीट हातानं पुसली.

"साक्री आमना वाटवरच शे. मी काय मुराळी नही का? कपडा बांधा."

भिकुबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. व्याही मोतीलाल बाजेवरून म्हणाले, "लई जा, नाना, लई जा. मन्हा कानले बी आखाजी व्हई जाई."

नाना पुढं, मध्ये प्रमिला, मागं मांडीवर गाठोडं घेतलेल्या भिकुबाई. निघताना त्या सुनेला इतक्या घट्ट धरून बसल्या, की प्रमिलाला श्वास घेता येईना आणि हसूही आवरेना. वळण आलं की "सावकास, व्याही!" आणि सरळ रस्ता लागला की "एवढंच पळस का हाई?"

साक्रीला घर आलं. भावजय आणि थकलेली आई दारात आल्या, कोण फटफटी घेऊन आलं ते बघायला. भिकुबाई गाठोड्यासकट उतरल्या, तशाच पुढं धावल्या आणि पोरीसारख्या ओरडल्या, "माय! माय, देख! मन्हा भाऊ माले लई उना!"

व्याही नव्हे, भाऊ. नानांनी फटफटी बंद केली आणि डोळे पुसले. म्हातारीनं आधी लेकीला जवळ घेतलं, मग काठी टेकत नानांकडे आली आणि त्यांच्या तोंडावरून हात फिरवत म्हणाली, "जेवी जाय रे, भाऊ." पोट भरलेलं होतं, तरी नाना पुन्हा जेवले.