नायलॉनच्या फडक्यातली जट

माझ्या सासूबाईंना, ज्यांना मी आमच्याकडच्या रीतीप्रमाणे आत्या म्हणते, कमरेपर्यंत जट होती. भूकंपानंतर सास्तूरची माणसं पत्र्याच्या शेडमध्ये राहिली, त्या महिन्यांत ती धरली. त्या शेडमध्ये फणी नव्हती, तेल नव्हतं, आणि त्यांची थोरली मुलगी ढिगाऱ्यातून जिवंत निघाली नव्हती. केसांकडे पाहणार कोण? पुढे कुणीतरी म्हणालं, तुळजापूरची आई अंगावर आली. आत्यांनी ते मानलं. मुलगी गेली त्याच वर्षी काहीतरी आलंही, एवढाच त्यांना आधार होता, असं मला आता वाटतं. तेव्हा मी या घरात नव्हते.

मी लग्न होऊन आले ती उशिरा, पस्तिशीत, माध्यमिक शाळेतली नोकरी घेऊन. मोठ्याने बोलणं मला वर्गाबाहेर कधी जमलं नाही. घरात माझ्या वाट्याला जट धुण्याचं काम आलं, कारण त्यात बोलावं लागत नसे.

काम वाटतं त्याहून अवघड होतं. साबण आत राहतो आणि पांढरा थर धरतो, म्हणून रिठ्याचं कोमट पाणी. घासायचं नाही, वरून खाली दाबत, पिळत न्यायचं. तरीही खरं दुखणं धुण्याचं नव्हतं, सुताचं होतं. आत्या जुन्या लुगड्यांच्या वाकळेवर निजत, आणि वाकळेचं सूत, उशीचा कापूस, टॉवेलचे तंतू जटेत शिरून बसत. एकदा आत गेलेलं सूत धुऊन निघत नाही, उलट पाण्याने घट्ट होतं. मग उन्हात बसून चिमट्याने एकेक तंतू उपसायचा. पायऱ्यांवरून शेजारची काकू ओरडायची, "मास्तरीणबाई, जट निवडताव का वह्या तपासताव?"

"तिला दोन्हीतबी चुकाच दिसत्यात," आत्या म्हणायच्या आणि मान न हलवता हसायच्या.

सुताचा तो त्रास संपावा म्हणून मीच एक युक्ती काढली. माझ्या जुन्या नायलॉनच्या साडीचं हातभर फडकं फाडलं आणि जट त्यात गुंडाळू लागले. नायलॉनचं सूत सुटत नाही. महिन्याभरात जट इतकी स्वच्छ दिसू लागली की मंगळवारी हळदकुंकू लावायला येणाऱ्या बायका हात लावून पाहत. मला त्याचा अभिमान वाटला. तसा अभिमान मला फार थोड्या गोष्टींचा वाटला आहे.

आमच्याकडे घट बसण्याआधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुतात. जटही धुतात, आणि घट बसला की दसऱ्यापर्यंत आत्या तिचं फडकं सोडत नसत. म्हणून आदल्या दिवशी ती सकाळीच धुवावी लागे. जाड जटेचा गाभा वाळायला पूर्ण दिवसाचं ऊन लागतं. त्या वर्षी नेमकी त्या दिवशी परीक्षेवर देखरेखीची माझी पाळी होती. मुख्याध्यापकांकडे अर्ध्या दिवसाची रजा मागायची होती. त्यांच्या दारापर्यंत मी दोनदा गेले आणि दोनदा परत आले. घरी पोचले तेव्हा पाच वाजून गेले होते. आत्या माझी वाट पाहत बसल्या होत्या. माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातून त्या धुऊन घेत नसत.

मी धुतली. ऊन गच्चीच्या कठड्यावरून उतरलं. बायका परडी घेऊन ओसरीत येऊन बसल्या होत्या, कुणीतरी "झालं का न्हाय अजून?" म्हणून हाक दिली. मी जट मधोमध दाबून पाहिली. बोटांना गारवा लागला.

"वाळली का गं?" आत्यांनी विचारलं.

"व्हय, आत्या," मी म्हणाले, आणि नायलॉनच्या फडक्याने ती गच्च बांधली.

पाचव्या माळेला वास येऊ लागला. मी धूप वाढवला. सातव्या माळेला आत्या मान खाली घालून बसू लागल्या. "उपासानं गळल्यासारखं झालंय," त्या म्हणाल्या. फडकं सोडू या, हे एक वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. मी ते बोलले नाही. नवरात्र मोडायला सांगणारी सून व्हायचं धाडस मला झालं नाही, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण मला ठाऊक होतं.

दसऱ्याला फडकं सोडलं. मुळाशी जट काळी, बुरसट झाली होती आणि मानेवर तळहाताएवढी जखम होती. उमरग्याच्या डॉक्टरांनी वरून पाहिलं, रक्त तपासलं, साखर फार वाढलेली निघाली. "हे कापल्याशिवाय औषध लागणार नाही," ते म्हणाले. आत्या तीन दिवस नाही म्हणत राहिल्या. चौथ्या दिवशी ताप डोक्यात गेला तेव्हा माझ्या नवऱ्याने त्यांचे हात धरले आणि मी कापडाच्या कात्रीने जट कापली. कात्री बोथट होती. बराच वेळ लागला. आत्या ओरडल्या नाहीत. फक्त थोरल्या मुलीला हाक मारत राहिल्या.

जखम दीड महिन्यात भरली. पण आत्यांनी ठरवलं होतं की आईने आपलं देणं परत नेलं. "माझंच कायतरी चुकलंय. उपासात काय तोंडात गेलं असंल," त्या म्हणायच्या, आणि आई पदरात घेईपर्यंत पायात चप्पल घालायची नाही, असं बोलून बसल्या. साखर असलेल्या बाईने! तेव्हा मात्र मी बोलले. त्यांच्यासमोर जमिनीवर बसून बोलले.

"आत्या, तुमचं काही चुकलं नाही. जट ओली होती. मला कळलं होतं. मी खोटं बोलले."

आत्या जट गेल्यापासून पहिल्यांदाच हसल्या. "लई शिकलीस, पर खोटं बोलायला येत न्हाय तुला. माझं पाप अंगावर घेतीस व्हय, पोरी?"

मी पुन्हा सांगितलं. नवऱ्यालाही सांगायला लावलं. त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला आणि अनवाणीच भाजी आणायला गेल्या.

याला दोन वर्षं होतील. गेल्या पावसाळ्यात डाव्या पायाची करंगळी काढावी लागली. चप्पल अजून दाराशी कोरी पडून आहे. रोज संध्याकाळी मी कोमट पाण्याने त्यांचे पाय धुते, टाचेच्या भेगांतली खडी त्याच चिमट्याने काढते आणि बोटांच्या बेचक्या धोतराच्या मऊ फडक्याने टिपते. त्यांना पायात फारसं काही जाणवत नाही, म्हणून त्या मलाच विचारतात.

"वाळले का गं?"

मी प्रत्येक बेचकीत बोट घालून पाहते, आणि मग पुन्हा एकदा पाहते.

"न्हाय, आत्या. थांबा जरा."