पाठीचा बाक आणि बाबांचं ‘हो’

माझी पाठ वाकडी होतेय हे आईच्या लक्षात आलं तेव्हा मी तेरा वर्षांची होते. रविवारी न्हाऊ घालताना तिचा हात माझ्या उजव्या खांद्यामागे थांबला. “सरळ उभी राहा बघू,” ती म्हणाली. मी सरळच उभी होते.

आई शाळेत शिकवायची आणि तेव्हा परीक्षा चालू होत्या, म्हणून डॉक्टरकडे बाबांनी नेलं. ते शहराबाहेर बाजव्याला रिफायनरीत कामाला होते. फर्स्ट शिफ्ट करून आले आणि तसेच मला स्कूटरवर घेऊन निघाले.

हाडांचे डॉक्टर गुजराती होते. त्यांनी मला पुढे वाकवलं, कण्यावरून बोट फिरवलं, एक्स-रे उजेडासमोर धरला. मग बाबांना समजावलं. मुलगी झपाट्याने वाढत असेल तर बाकही वाढतो. उंची थांबत आली असेल तर तोही बहुधा थांबतो. म्हणून त्यांना एक गोष्ट कळायला हवी होती.

“बेबीने मासिक चालू थई गयुं?”

बाबांचे कान लाल झाले. आमच्या घरात पाळीचा विषय त्यांच्यासमोर कधी निघत नसे. ते टेबलाकडे बघत म्हणाले, “हा, थई गयुं.”

“क्यारे?”

“झाला... बराच वखत.”

मला पाळी आलेली नव्हती. मी तिथेच पाठीची बटणं लावत उभी होते. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “तो पछी चिंता नथी,” ते म्हणाले. पाळी येऊन एवढा काळ झालाय म्हणजे वाढ संपत आलीय, पाठीला पट्टा नको, वर्षाने दाखवा.

बाहेर आल्यावर बाबांनी खुशीत मला सेवउसळ खायला घातली. घरी आईला म्हणाले, “काही नाही. वाढ संपलीय म्हणाले.”

“संपली? अहो, अजून तर तिला...”

“डॉक्टर तू आहेस का?”

आई परीक्षेचे पेपर घेऊन बसली. चिंता नाही म्हटल्यावर वर्षाने दाखवायचंही राहून गेलं.

पाळी आली पुढच्या दिवाळीनंतर. तोवर मी आईपेक्षा उंच झाले होते, आणि जेवढी उंच तेवढी वाकडी. ओढणी कितीही पसरून घेतली तरी उजवीकडचा उंचवटा दिसायचा. सोळाव्या वर्षी आई मला एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. त्यांनी तोच प्रश्न विचारला, पण मला. मी खरं ते सांगितलं. त्यांनी आईने आणलेला जुना एक्स-रे नव्याशेजारी धरला.

“पट्टा तेव्हाच लावायला हवा होता,” त्या म्हणाल्या. “बाक थांबलाच असता असं नाही म्हणत मी. पण थांबवायची वेळ तीच होती.”

आता फक्त ऑपरेशन. बाबा म्हणाले, “पायच गेले तर?” विषय तिथेच मिटला.

पुढे बघण्याचे कार्यक्रम सुरू झाले. हरणीहून आलेल्या एका मुलाच्या आईने मला जवळ बसवून प्रेमाने पाठीवरून हात फिरवला. तो हात खांद्यापासून कमरेपर्यंत सावकाश उतरला. मग तिने चहाचा कप खाली ठेवला. नंतर त्यांच्याकडून साधा निरोपही आला नाही.

त्या आठवड्यात मी बाबांना विचारलं, “त्या दिवशी तुम्ही हो का म्हणालात?”

कुठल्या दिवशी, असं त्यांनी विचारलं नाही. म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं. इतकी वर्षं.

“मग काय, परक्या माणसासमोर तुझ्याबद्दल असलं बोलत बसायचं?”

“‘नाही’ एवढंच म्हणायचं होतं, बाबा.”

“तू होतीस ना तिथे? तू का नाही बोललीस?” ते म्हणाले, आणि त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

मी लग्न केलं नाही. नोकरी केली; दुपारनंतर पाठ भरून येते, तेव्हा उभ्यानेच काम करते. बाबा आता थकलेत, त्यांचं सगळं मीच बघते. कोणी पाहुणे आले आणि माझ्याकडे बघत राहिले, की बाबा हळू आवाजात सांगतात, “जन्मापासूनच आहे हो तिला. नशीब एकेकाचं.”