सुईबाईंचा उजवा हात

दुसऱ्याच्या अंगाला सुई लावण्याआधी सुईबाई एक सुई स्वतःला टोचून घेत. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यात, डाव्या हाताने, सावकाश. क्षणभर थांबून त्या "आलं" म्हणत आणि मगच समोरच्या बाईला पालथे झोपायला सांगत. नवख्या बाईची भीती त्या एका शब्दाने निम्मी ओसरे.

भद्रावतीत एका ब्युटी पार्लरच्या मागे त्यांची ॲक्युपंक्चरची खोली होती. नव्वदच्या दशकात आमच्या कारखान्याच्या वसाहतीतल्या बायका तिथे चेहरा उजळायला, अंग मोकळे करून घ्यायला जात. मी शाळेतली शिक्षिका. आखडलेली मान घेऊन संकोचतच गेले. कोपऱ्यात कुकर शिट्या देत होता. "भिऊ नोका, मास्तरीणबाई, वरण नाई शिजून राह्यलं. सुया उकळून राह्यल्या," त्या म्हणाल्या.

पुढे काय होणार, हे त्या प्रत्येकीला आधीच सांगत. "पयले मुंगी चावल्यावानी वाटन. मंग आतून कोनी दोरी ओढून राह्यलं असं जड लागन. तवाच 'आलं' म्हना. उगा मले बरं वाटावं म्हनून बोलू नोका." सुया लावल्यावर खोलीत मंद बासरी लागे आणि बहुतेक जणी घोरू लागत. एकीने सुयांनी पोट उतरते का, असे विचारले. "उतरते ना. जेवाच्या टायमाले तोंडाले लावा."

एका मे महिन्यात मी तिथे असतानाच एक नवी नवरी आली. बाईंनी नेहमीप्रमाणे बेचक्यात सुई टोचली आणि थांबल्या. शब्द आला नाही. त्यांनी सुई फिरवली, आणखी आत सारली. रक्ताचा एक थेंब मनगटाकडे ओघळला. त्या खिडकीकडे पाहत राहिल्या. नवरी कावरीबावरी झाली. "थंडीनं हात गारठले," बाई म्हणाल्या. बाहेर रस्त्यावरचे डांबर वितळत होते.

त्यानंतर मला नको ते दिसू लागले. उकळत्या पाण्यातले टॉवेल त्या उजव्या हाताने उचलत आणि बायका कौतुक करीत. मला मात्र त्यांच्या बोटांवरचे फोड दिसत. मनगटाच्या वर एक फिकट चट्टा होता. त्यावर त्या पदर ओढून घेत. आमच्या जिल्ह्यात अशा चट्ट्याचे नाव कोणाला सांगावे लागत नसे.

"सरकारी दवाखान्यात गोळ्या मिळतात, बाई. पूर्ण बरे होते. उशीर झाला तर बोटे वाकतात," धीर करून मी एकदा म्हणाले.

"मालूम हाय मले. पन त्या रांगेत वसाहतीतल्या एकीनं पाह्यलं, त या हाताखाली कोन झोपन?"

मी पालथी झोपले.

खोलीला कायमचे कुलूप लागण्यापूर्वीची आमची शेवटची भेट अजून डोळ्यांपुढून हलत नाही. दुपारी मी गेले तेव्हा खोलीत दुसरे कोणी नव्हते. बासरी बंद होती. कुकरमधून काढलेली एक सुई त्यांनी माझ्या हाती दिली आणि ज्या खाटेवर त्या आम्हाला झोपवीत, तिच्यावर स्वतः आडव्या झाल्या.

"आज तुमी टोचा. मी टोचतो तवा डोये पायतेत, मंग मन खोटं बोलते. नाई आलं, त उद्या पयल्या एसटीनं चांद्याले जातो, दवाखान्यात. आलं, त हा विषय पुना काढाचा नाई."

मी कबूल केले. त्यांनी डोळे मिटून उजवा हात पुढे केला. तो हात मी प्रथमच हातात घेत होते. बेचक्यातली जागा सापडेना. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

"आलं," त्या म्हणाल्या.

सुई अजून माझ्या चिमटीतच होती.