पोटरीभर पाणी

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाचं, म्हणजे येशूच्या आठवणीत वाटायच्या भाकरीचं, तबक बायकांच्या बाजूला फिरवायचं काम माझ्याकडे होतं. तबक बाकावर हातोहात सरकतं, मी फक्त एका बाकाकडून दुसऱ्या बाकाकडे नेते. जळगावच्या आमच्या छोट्या बाप्टिस्ट मंडळीचा, म्हणजे चर्चचा, नियम साधा आहे. ज्याचा बाप्तिस्मा समजत्या वयात, स्वतःच्या विश्वासानं, पाण्यात पूर्ण बुडून झाला आणि ज्याचं नाव सभासदांच्या वहीत आहे, त्यानंच भाकरीचा तुकडा उचलायचा. बाकीच्यांनी तबक पुढं द्यायचं. वही लिहिणारी मीच, त्यामुळे कुणाचा हात कुठे थांबला पाहिजे हे मला पाठ होतं.

गेल्या वर्षी अशाच एका रविवारी शेवटच्या बाकावरच्या एका म्हातारीनं तबकाकडे हात नेला आणि मी तबक चटकन मागे ओढलं. हात तसाच हवेत राहिला.

"माले नही?" तिनं विचारलं.

"अजून नाही," मी म्हटलं. जरा जोरातच म्हटलं असणार, कारण पुढच्या दोन बाकांनी माना वळवल्या.

ही अक्का. वय ऐंशीच्या घरातलं, नरडाण्याजवळच्या एका खेड्यातली, लेकीकडे राहायला आलेली. तिच्या गावची मंडळी संपली होती. मंडळी सांभाळणारे पाळक वारले, घरं सुरतेला गेली, काही नरडाण्याच्या कारखान्यांत लागून तिकडेच स्थायिक झाली. चार वर्षं तिला प्रभुभोजन मिळालं नव्हतं. तिला आमच्यात सभासद व्हायचं होतं ते एवढ्यासाठीच, असं लेक सांगायची. "मरायच्या आधी एकदा तरी मिळू दे म्हणते हो बाई."

मी मान हलवली, पण मनात पाल चुकचुकली. एका मंडळीतून दुसरीत येताना आधीच्या मंडळीचं पत्र आणावं लागतं, अमुक व्यक्ती आमची सभासद आहे, तिचं वागणं चांगलं आहे असं. अक्काकडे पत्र नव्हतं. देणारं कुणी उरलंच नव्हतं म्हणे. वा! किती सोयीचं! मी जन्मभर शाळेत शिकवलं, शेवटी मुख्याध्यापिका झाले. दाखला हरवला म्हणणारे पालक मी ढिगानं पाहिलेत. शिवाय आमच्या कब्रस्तानात जागा थोडी आणि ती सभासदांनाच मिळते. ऐंशीव्या वर्षी कुणाला अचानक सभासद व्हावंसं वाटलं, की मी आधी कब्रस्तानाचा नकाशा आठवते. लोक म्हणतात, बाई फार संशयी. आहेच मी.

हा संशय मला वारशानं मिळालाय. माझे आजोबा दुसऱ्या एका मिशनच्या मंडळीत जन्मले. तिथे तान्ह्या लेकरांच्या कपाळावर पाणी शिंपडून बाप्तिस्मा द्यायचे. आजोबांनी आणि आणखी पाचसहा घरांनी मराठी बायबल वाचून वाचून हट्ट धरला, की ज्याला बोलता येत नाही त्यानं विश्वास कसा कबूल करायचा? मिशनचा साहेब रागावला, शाळेतली नोकरी गेली, तरी ही घरं पाचोऱ्याकडे गिरणेच्या डोहात उतरली आणि पुन्हा बाप्तिस्मा घेऊन बाहेर आली. आमच्यावर बिशप नाही, वरून हुकूम येत नाही. जे काय ठरायचं ते सभासदांनी सभेत हात वर करून ठरवायचं. हे सगळं वडिलांनी मला जेवताना, चालताना, अंघोळीला पाणी तापवताना सांगितलेलं. ख्रिस्ती कुणी जन्मत नाही, पोरी. आधी विश्वास, मग पाणी. उलटं झालं तर ती नुसती अंघोळ. हे वाक्य आमच्या घरात मिठासारखं रोज असायचं.

तर अक्काला सभासदांच्या सभेत साक्ष द्यायला बोलावलं. आमचे पाळक तरुण आणि मवाळ. "अक्का, तुमचा बाप्तिस्मा कसा झाला ते सांगा," एवढंच त्यांनी विचारलं.

अक्का उभी राहिली, पदर डोक्यावर घेतला आणि हसतच सांगायला लागली. तो मोठा दुष्काळ, रेशनवरची लाल मिलो ज्वारी खायचे दिवस. "नदीमा पानी नव्हतं, मानसेसले पेवाले नव्हतं." पाळकांनी दोन महिने वाट पाहिली. शेवटी एका शेतकऱ्यानं विहिरीजवळचा गुरांचा हौद दिला. त्यात पोटरीभर पाणी. ख्रिस्ती घरांतल्या बायकांनी आपापल्या पिण्याच्या पाण्यातून एकेक हंडा आणला. पाळकांनी अक्काला हौदात आडवं केलं. पाठ बुडाली, डोकं बुडालं, पण छाती, पोट आणि गुडघे वरच राहिले. मग बायकांनी वरून हंडे ओतले, वरचं सगळं भिजेपर्यंत.

सभेत दोघीचौघी हसल्या. मी उठले.

"म्हणजे तुम्ही बुडाल्याच नाहीत," मी म्हटलं. "तुमच्यावर पाणी ओतलं. मग शिंपडणाऱ्यांत आणि आपल्यात फरक काय राहिला?"

पाळक मध्ये पडले. म्हणाले, वाद नको, आपल्या इथे व्यासपीठाखाली बाप्तिस्म्याचा हौद आहेच, अक्का पुन्हा घेतील, प्रश्न मिटला.

अक्काचं हसू गेलं. "दुसरांदाव नही," ती म्हणाली. "पयला काय खोटा व्हता?"

तिला बाहेर बसवलं. आमच्यात ज्याच्याबद्दल मत घ्यायचं त्यानं व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसायचं असतं. हात वर झाले. विरोधात एकच होता, माझा. पण एक हात विरोधात असला तरी चौकशी झाल्याशिवाय नाव घ्यायचं नाही, हा नियम. चौकशी कुणी करायची? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. लेक जाताना माझ्याशी बोलली नाही. अक्का मात्र म्हणाली, "जाय माय, देखी ये."

मी सुरतेकडे जाणारी गाडी पकडून नरडाण्याला उतरले, तिथून रिक्षानं गावात गेले. पर्समध्ये वही होती आणि शिवणाची टेप. हो, टेप! आज सांगताना लाज वाटते, पण तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

ज्याच्या बापानं हौद दिला तो शेतकरी अजून होता. सगळे त्याला आबा म्हणत होते. पंचाहत्तरीचा, कपाळावर गंध, गळ्यात तुळशीची माळ. कापसाच्या शेतातून त्यानं मला विहिरीकडे नेलं. हौद तसाच होता, कड फुटलेली, तळाला वाळलेला पाला. मी टेप काढून लांबी घेतली, रुंदी घेतली, आत वाकून खोली घेतली.

"काय मोजी राहिनात, बाई?" आबानं विचारलं.

"त्या दिवशी पाणी कुठवर होतं?"

त्यानं धोतर जरा वर केलं आणि पोटरीच्या मध्यावर बोट ठेवलं. "एव्हढंच." मी बोटाची उंची मोजून वहीत लिहिली. बरं वाटलं मला. अक्का खोटं बोलली नव्हती, पण मीही चुकीची नव्हते. माणूस बुडेल एवढं पाणी त्यात नव्हतंच.

आबा बोलत राहिला. त्या दिवशी बैलांना सकाळपासून पाणी पाजलं नव्हतं, कारण बाप म्हणाला, देवाचं काम आहे, आधी ते होऊ द्या. अक्काचा सासरा बांधावर काठी घेऊन उभा होता. पाण्यात उतरलीस तर घरात येऊ नको म्हणत होता. ती उतरली. पुढचे सहा महिने ती आणि नवरा गोठ्यात राहिले. "मंग तेच पानी बैलेसले पाजं," आबा म्हणाला आणि हसला. मग त्यानं बांधाकडे बोट केलं. निंबाखाली एक थडगं होतं, चुना लावलेलं. ते अक्काच्या नवऱ्याचं. शेजारी तेवढीच जागा रिकामी होती, तिथे पेरलेलं नव्हतं. जळगावला जाताना अक्का त्याला सांगून गेली होती की मला इथेच आणा, आणि आबानं ती जागा नांगराखाली घेतली नव्हती.

मला तोंडात मारल्यासारखं झालं. आमच्या कब्रस्तानातली एक वीतही त्या बाईला नको होती.

आबानं तांब्याभर पाणी दिलं आणि सहज विचारलं, "तुमना कोठे व्हयना?"

"आमच्या हौदात," मी म्हटलं. "जळगावला. छातीपर्यंत पाणी असतं."

"आन तुमना सासरा?"

"माझ्या बाप्तिस्म्याला कुणाचा विरोध नव्हता."

"मंग बरं शे," तो म्हणाला.

परतीच्या गाडीत अमळनेर गेलं, धरणगाव गेलं, आणि मी वही उघडून बसले होते पण अहवालाची एक ओळ लिहिवत नव्हती. मी बारा वर्षांची होते. वडील मंडळीचे डीकन, म्हणजे पाळकांच्या हाताखालचे कारभारी. पाळकांनी बाप्तिस्म्याची यादी केली त्यात आमच्या वर्गातल्या तिघी होतो. आईनं पांढरा झगा शिवला होता. पाण्यात उभं करून पाळकांनी विचारलं, प्रभूवर तुझा विश्वास आहे का? मी म्हटलं, हो. उत्तर शिकवणीच्या पुस्तिकेत छापलेलं होतं आणि मला ते मैत्रिणींपेक्षा चांगलं पाठ होतं. विश्वास? अहो, माझ्या मनात तेव्हा एकच विचार होता, की वेणी भिजली तर वाळायला दोन दिवस लागतात. मी डोक्यापासून नखापर्यंत बुडाले. वडील रडले. मी रडले नाही, मला शिंक आली.

विश्वास मला आला, पण तो फार नंतर, वडील अंथरुणाला खिळले त्या वर्षी. नेमका दिवस सांगता येणार नाही. पाण्याआधी नव्हता, एवढं मात्र नक्की. आणि हे मला त्या दिवशी गाडीत कळलं असं नाही. मला ते कायम माहीत होतं. इतरांचे बाप्तिस्मे डोळ्यांत तेल घालून तपासायचं कारणही बहुतेक हेच असावं. कुणी माझा तपासू नये. जळगाव स्टेशनवर उतरताना मला स्वतःचा इतका राग आला होता की हमालावरच ओरडले.

पुढच्या सभेत अक्काला बाहेर बसवलं आणि मी अहवाल दिला. हौद किती, पाणी किती, हंडे कुठून आले, सासरा कुठे उभा होता, कबरीची जागा कुठे आहे. "ही बाई विश्वास धरून पाण्यात उतरली," मी म्हटलं. "पाणी कमी होतं हा दोष तिचा नाही. माझा हात मी खाली घेते. तिचं नाव घ्या." मग मी खाली बसायला हवं होतं. बसले नाही. झगा, पुस्तिका, वेणी, सगळं सांगितलं. "आपल्या शिकवणीप्रमाणे माझी ती अंघोळ झाली. माझं नाव वहीतून काढा आणि बाप्तिस्मा मागणाऱ्यांत लिहा."

पाळक गडबडले. "बाई, असं कसं? तुमचं नाव कितीतरी वर्षं आहे वहीत."

"वही मीच लिहिते," मी म्हटलं आणि बाहेर गेले.

व्हरांड्यातल्या बाकावर अक्का पाय हलवत बसली होती. मी शेजारी बसले. खिडकीतून आमच्या खजिनदार काकांचा आवाज आला, "या वयात बाईंना काय सुचलं एकाएकी? काहीतरी डाव असणार." जन्मात पहिल्यांदा मला संशयाची दुसरी बाजू दिसली. आत कुणाचे हात वर आहेत, कुणाचे नाहीत, काही कळत नव्हतं.

"तुना बी इचार करी राहिनात का?" अक्कानं विचारलं.

"हो."

"वं माय!" ती म्हणाली आणि माझा हात तिनं आपल्या मांडीवर घेतला.

तिचं नाव एकमतानं घेतलं. माझं काढलं, आणि पुढच्या महिन्यात बाप्तिस्मा ठरला.

मधे पहिला रविवार आला. तबक फिरवायचं काम दुसऱ्या एका बाईकडे सोपवून मी शेवटच्या बाकावर अक्काच्या शेजारी बसले. तबक आलं. चार वर्षांनी तिनं तुकडा उचलला, दोन्ही हातांत धरला, खाल्ला. मग तबक हातात घेऊन माझ्याकडे पाहिलं. मनातल्या मनात मला वाटत होतं, ही मला देईल. म्हातारी माणसं हळवी असतात, हिला माझी दया येईल. हात मांडीवरून किंचित उचललाही होता मी.

अक्कानं तबक माझ्या अंगावरून पलीकडच्या बाईकडे दिलं. नियम म्हणजे नियम. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, रागाचं होतं की कशाचं ते मला आजही सांगता येत नाही.

ती माझ्या कानाशी वाकली. व्यासपीठाच्या फळ्यांकडे तिनं हनुवटीनं खूण केली.

"घाबरू नको, माय," ती म्हणाली. "तुमना हौदमा पानी भरपूर शे."