सासूबाईंच्या हातची लाटी

उन्हाळा लागला की आमच्या आळीत उडदाचे पापड सुरू होतात. आज हिच्या घरी, उद्या तिच्या. आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन जायचं. सासूबाईंचं काम ठरलेलं: कुटलेलं पीठ तेलाच्या हातानं ताणायचं आणि दोऱ्यानं लाट्या पाडायच्या. लाटायला बसण्याआधी प्रत्येकीला त्यांच्या हातची एक कच्ची लाटी तेलात बुडवून खायची असे. शेजारच्या काकू तर सगळ्यांत आधी हात पुढे करायच्या.

मग सासूबाईंचे तळहात-तळपाय फुटले. लाल चट्टे, भेगा, पांढरा कोंडा. त्या उन्हाळ्यात काकूंकडून बोलावणं आलंच नाही. भिंतीपलीकडून लाटण्यांचा आवाज यायचा आणि सासूबाई उगाच तांदूळ निवडत बसायच्या. माझा जिभेवर ताबा नाही. हा एकाचा दुसऱ्याला लागणारा रोग नाही, डॉक्टरांनी सांगितलंय, असं मी काकूंना भिंतीवरूनच सुनावलं. उपयोग शून्य.

मलमांनी भागेना, तेव्हा यवतमाळच्या डॉक्टरांनी लाइट घ्यायला सांगितलं. आर्णीहून आठवड्यातून दोनदा एसटी. तिथे एक बुटकी पेटी होती, आत निळसर नळ्या. वर हात ठेवायचे, खाली पाय, डोळ्यांवर काळा चष्मा. पहिल्या दिवशी सासूबाई नीट टेकतात न टेकतात तोच सिस्टर म्हणाल्या, झालं. एवढ्याशा उजेडासाठी एसटीत हाडं खिळखिळी करायची, यावर त्या घरापर्यंत कुरकुरत आल्या. पण हळूहळू भेगा मिटायला लागल्या. भाकर थापताना त्या हात निरखून बघायच्या.

पुढच्या वर्षी एप्रिलात कळलं, काकूंच्या लेकीचं लग्न ठरलंय आणि रुखवताचे पापड लवकरच आहेत. सासूबाईंना धीर निघेना. एका दुपारी मी गच्चीवर गेले तर ही बाई भर उन्हात हातपाय पसरून बसलेली, डोळ्यांवर माझा गॉगल.

"तिथलं ऊन नळीतलं, हे वरचं," त्या म्हणाल्या. "हे त जास्तच हाय. लवकर बरं होईन."

संध्याकाळपर्यंत तळवे भाजल्यासारखे लाल झाले. डॉक्टर रागावले नाहीत. पेटीतला उजेड मोजून दिलेला असतो, आपल्याकडच्या उन्हाला माप नाही, एवढंच म्हणाले आणि कातडी निवेपर्यंत लाइट बंद ठेवला. परतीच्या एसटीत सासूबाई पदराखाली हात लपवून बसल्या होत्या. मला त्यांची इतकी दया आली की रागवायचं राहूनच गेलं.

लाइट पुन्हा सुरू झाला. चट्टे फिके पडले, पण पुरते गेले नाहीत. अशात एका सकाळी काकू स्वतः दारात आल्या. जमिनीकडे बघत म्हणाल्या, उद्या पापड आहेत. मी तोंड उघडणार, तेवढ्यात सासूबाईंनी फळीवरचं पोळपाट काढलंसुद्धा. काकू गेल्यावर मी विचारलंच, इतकं होऊन कायले जाता?

"तिले भेव वाटलं व माय," त्या म्हणाल्या. "मलेबी वाटलं असतं."

दुसऱ्या दिवशी काकूंच्या ओसरीत बायका गोल बसल्या होत्या. सासूबाईंनी बसण्याआधी दोन्ही तळहात सगळ्यांसमोर उघडे केले.

"पुरं नाई गेलं. चालत असंन त लाट्या पाडतो, नाई त पापड वाळू घालतो."

लाटणी थांबली. काकूंनी पिठाची परात सासूबाईंपुढे सरकवली. त्यांनी तेल घेतलं, पीठ ताणलं, दोरा ओढला. पहिली लाटी पडली तसा काकूंनी हात पुढे केला. लाटी तेलात बुडवून तोंडात टाकली आणि डोळे पुसत सावकाश चावत राहिल्या.

मग पुन्हा हात पुढे केला.

"अजून एक द्या, बाई," काकू म्हणाल्या.